चौकोनातली विश्रांती

दिवसभराच्या दगदगीनंतर आकड्यांचे कोडे सोडवणे हा रिकामटेकडा उद्योग नाही आणि मेंदूचे टॉनिकही नाही. त्याचे मोल या दोन्हींहून वेगळे आहे...

संध्याकाळी मुंबईहून सुटलेली टिटवाळा लोकल डोंबिवलीपर्यंत धड श्वास घेऊ देत नाही. कल्याणला डबा बराचसा रिकामा होतो. तासभर उभ्याने किंवा चौथ्या सीटवर अंग चोरून आलेला माणूस तिथे पहिल्यांदा पाठ टेकवून बसतो. शहाड, आंबिवली आणि मग टिटवाळा, असा पंधरा-वीस मिनिटांचा प्रवास उरलेला असतो. या वेळात कुणी डोळे मिटते, कुणी मोबाइलवर अर्धी राहिलेली मालिका पुढे नेते. महिलांच्या डब्यात मटार सोलले जातात, मेथी निवडली जाते. आणि एखाद्या कोपऱ्यात सकाळच्या वर्तमानपत्राची घडी मांडीवरच्या बॅगेवर ठेवून सुडोकूचा चौकोन भरला जात असतो. दिवसभर हिशेब, नोंदी, बिले आणि वेळापत्रके यांच्याशी झगडून आलेल्या माणसाला पुन्हा आकडेच का हवेसे वाटतात?

या प्रश्नाला सहसा दोन उत्तरे मिळतात. पहिले घरातून येते: हा रिकामटेकडा उद्योग आहे, त्यापेक्षा दोन कामे उरकली असती. दुसरे उत्तर कोडी विकणारे देतात आणि कोडी सोडवणारेही आपल्या बचावासाठी तेच पुढे करतात: याने मेंदूला व्यायाम होतो, म्हातारपणी विस्मरण होत नाही. पहिले उत्तर कोड्याला फार कमी लेखते, दुसरे त्याच्यावर नको ती जबाबदारी टाकते. दोन्ही उत्तरांत एक गृहीतक मात्र समान आहे. थकलेल्या माणसाच्या पंधरा मिनिटांनीही काहीतरी कमावले पाहिजे, हे ते गृहीतक. तपासायला हवे ते हेच.

त्यासाठी याच रेल्वेमार्गावर थोडे मागे जाता येते. १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला जन्मलेल्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचे शालेय शिक्षण ठाण्यात झाले. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकून ते १९३० मध्ये शाळामास्तर झाले आणि १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत देवळालीला शिकवत राहिले. टिटवाळ्याहून कसाऱ्याचा घाट चढून गेले की पुढे देवळाली लागते. आकड्यांच्या गमती शोधणे हा कापरेकरांचा लहानपणापासूनचा छंद. त्यांनी अभ्यासलेल्या संख्यांच्या एका कुळाचे नाव आहे ‘डेम्लो’. जुन्या जी. आय. पी. रेल्वेवर मुंबईपासून तीस मैलांवरच्या ज्या स्थानकावर त्यांना ही कल्पना सुचली, त्याचे ते नाव. ते स्थानक म्हणजे आजचे डोंबिवली. ११ चा वर्ग १२१, १११ चा वर्ग १२३२१, ११११ चा वर्ग १२३४३२१, अशी चढत जाऊन उतरणारी ही डेम्लो संख्यांतली सर्वांत प्रसिद्ध मालिका आहे.

कापरेकरांचे नाव जगभर गेले ते ६१७४ या संख्येमुळे. कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. चारही अंक सारखे नसले म्हणजे झाले. त्यातले अंक उतरत्या क्रमाने लिहावेत, मग चढत्या क्रमाने लिहावेत आणि मोठ्या संख्येतून लहान वजा करावी. उत्तरावर पुन्हा तेच करावे. कापरेकरांचे जन्मवर्ष घेऊन पाहता येईल. १९०५ चे अंक मांडले की ९५१० वजा ०१५९ बरोबर ९३५१. पुढे ९५३१ वजा १३५९ म्हणजे ८१७२. मग ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या वेळी ६१७४. त्यानंतर कितीही वेळा केले तरी ६१७४ च येते. सुरुवात कुठूनही केली तरी जास्तीत जास्त सात पायऱ्यांत माणूस तिथेच पोहोचतो. लोकलच्या डब्यावर रंगवलेल्या चार अंकी क्रमांकावरही हे करून पाहता येते; त्याला कागद-पेन्सिलही पुरते.

या शोधाचा उपयोग काय, असे कापरेकरांना अनेकदा विचारले गेले असणार. गणिताच्या क्षेत्रातल्या कित्येकांनी त्यांचे काम क्षुल्लक मानले. त्यांच्याकडे संशोधनाची पदवी नव्हती आणि आपल्या शोधांच्या पुस्तिका ते स्वतःच छापत. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकातल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिले, तेव्हा कुठे जगाचे लक्ष गेले. कापरेकर स्वतः मात्र आपल्या छंदाची तुलना दारूच्या धुंदीशी करत. अंकांच्या बेरजेने निःशेष भागल्या जाणाऱ्या संख्यांना त्यांनी नाव दिले ‘हर्षद’, म्हणजे आनंद देणारी. १८ ही हर्षद संख्या आहे: एक अधिक आठ नऊ, आणि नवाने अठराला नेमका भाग जातो. उपयोगाऐवजी आनंदावरून संख्येला नाव देणारा हा शाळामास्तर आजच्या थकलेल्या प्रवाशाला एक महत्त्वाची गोष्ट सांगून जातो. आकड्यांशी खेळायला सबब लागत नाही.

आता विज्ञान काय सांगते ते पाहू. बैठे काम करणारा माणूस संध्याकाळी थकतो तेव्हा त्याचे स्नायू दमलेले असतातच असे नाही. दमवतात ती बहुतेकदा न संपलेली कामे. अर्धवट राहिलेला ईमेल, साहेबांचे तुटक बोलणे, उद्याच्या बैठकीची धास्ती, मुलीच्या शाळेची फी. मानसशास्त्रज्ञ ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ मध्ये बर्लिनमधल्या आपल्या प्रयोगांवरून मांडले की मध्येच तोडलेली कामे पुरी झालेल्या कामांपेक्षा जास्त आठवतात. पुढच्या प्रयोगांत स्मरणाचा हा फरक दर वेळी दिसला नाही. पण अर्धवट कामाकडे मन पुन्हा पुन्हा ओढ घेते, हे अनेकदा दिसले. कार्यालयातून पाय निघतो, मन तिथेच घुटमळत राहते ते यामुळे.

अशा मनाला ‘आता विचार करू नकोस’ असे सांगून उपयोग होत नाही. रिकाम्या जागेत तेच विचार परत येतात. माणसाची कार्यकारी स्मृती, म्हणजे एका वेळी मनात धरून ठेवण्याची जागा, फार लहान असते. अलीकडचे संशोधक ती साधारण चार गोष्टींपुरती मानतात. ही जागा दुसऱ्या एखाद्या बेताच्या कामाने भरली की काळजीला तिथे शिरायला वाव कमी मिळतो. या ओळीत सात कुठे बसेल, मधल्या चौकटीत तीन आधीच आहे का, एवढे मनात धरले की साहेबांच्या बोलण्याला जागा उरत नाही. काळजी सुटलेली नसते, पण काही मिनिटे ती दाराबाहेर थांबते.

जर्मन मानसशास्त्रज्ञ साबीने झोनेनटाग आणि त्यांच्या सहकारी शार्लोट फ्रिट्झ यांनी २००७ मध्ये कामानंतर माणूस कशाने सावरतो याचे चार भाग मांडले. कामापासून मनाने दूर होणे, शरीर आणि मन सैल पडणे, काहीतरी जमल्याचे समाधान मिळणे आणि आपला वेळ आपल्या मर्जीने घालवता येणे. यातले दुसरे सोडले तर बाकीचे तीन भाग निव्वळ आडवे पडून मिळतीलच असे नाही. जमल्याचे समाधान मिळायला काहीतरी करावेच लागते. आकड्यांच्या कोड्यात चारही थोडेथोडे असतात. विणकाम, बागकाम, पेटी वाजवणे यांतही ते असतात. कोड्याला कसलाही विशेष दर्जा नाही. फक्त ते घडीच्या वर्तमानपत्रात मावते, त्याला दोन रुपयांचा पेन पुरतो आणि कल्याण ते टिटवाळा एवढ्या वेळात ते संपू शकते. शिवाय त्याला शेवट असतो. कार्यालयातल्या कामाला क्वचितच शेवट असतो. एक्क्याऐंशीवे घर भरले की कोडे मात्र खरोखर संपते.

चौथा भाग, मर्जीचा, स्त्रियांच्या बाबतीत अधिक महत्त्वाचा आहे. महिलांच्या डब्यात निवडली जाणारी मेथी हे मुंबईच्या लोकलचे कौतुकाने सांगितले जाणारे दृश्य आहे. पण त्याचा अर्थ असा की एक पाळी संपून दुसरी सुरू होण्याआधीची मधली वेळही तिने दुसऱ्या पाळीला देऊन टाकली. घरी पोहोचल्यावर कुकर, गृहपाठ, सासऱ्यांच्या गोळ्या आणि उद्याचा डबा तिची वाट पाहत असतात. अशा स्त्रीच्या दिवसात कुणाच्याही हाकेला ओ द्यावी न लागणारी वीस मिनिटे कदाचित तेवढीच असतील. ती तिने चौकोन भरण्यात घालवली, किंवा नुसती खिडकीबाहेर पाहत घालवली, तर त्याला आळस म्हणायचे कारण नाही.

‘गणिताशी आपले जमत नाही’ म्हणून अनेक जण या चौकोनाकडे पाठ फिरवतात. त्यात एक गैरसमज आहे. सुडोकूत बेरीज-वजाबाकी काहीच नसते. एक ते नऊ या अंकांच्या जागी नऊ अक्षरे किंवा नऊ फळांची चित्रे ठेवली तरी कोडे तसेच सुटते. लागतो तो फक्त तर्क. अमेरिकेतले वास्तुरचनाकार हॉवर्ड गार्न्स यांनी रचलेले हे कोडे १९७९ मध्ये तिथल्या एका कोड्यांच्या मासिकात ‘नंबर प्लेस’ या नावाने आले. १९८४ मध्ये जपानमध्ये माकी काजी यांनी त्याला आजचे नाव दिले. हाँगकाँगमधून निवृत्त झालेले न्यायाधीश वेन गुल्ड यांनी ते संगणकावर तयार करण्याची पद्धत बसवली आणि १२ नोव्हेंबर २००४ रोजी ते लंडनच्या ‘द टाइम्स’मध्ये छापून आले. तिथून ते पाहता पाहता जगभरच्या वर्तमानपत्रांत पोहोचले. पूर्ण भरलेले वेगवेगळे चौकोन किती होऊ शकतात, याचे उत्तर ६६७ वर एकोणीस शून्ये एवढे प्रचंड आहे. आणि एकच उत्तर निघावे यासाठी सुरुवातीला किमान सतरा अंक द्यावेच लागतात, हे डब्लिनच्या गॅरी मॅग्वायर यांच्या गटाने २०१२ मध्ये संगणकाच्या साहाय्याने दाखवले.

गणिताची भीती मात्र खरी असते. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांना २०१२ मध्ये असे आढळले की ज्यांना ही भीती फार आहे, त्यांच्या मेंदूत नुसते ‘आता गणित येणार’ एवढे कळल्यावरच वेदनेशी निगडित भाग जागे होतात. प्रत्यक्ष गणित सोडवताना मात्र तसे दिसले नाही. धास्ती वाट पाहण्यात होती. पाढे चुकले म्हणून शाळेत हातावर छडी खाल्लेल्या पिढीला हे वेगळे सांगायला नको. जिथे चूक झाली तर खोडून पुन्हा लिहिता येते आणि कुणी गुण देत नाही, अशा ठिकाणी आकड्यांशी जुनी अढी सोडून पाहायला हरकत नाही.

आता टॉनिकच्या दाव्याकडे. स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीन परिसरात १९३६ साली जन्मलेल्या ४९८ जणांचा एक अभ्यास डिसेंबर २०१८ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. या सर्वांनी वयाच्या अकराव्या वर्षी एकच बुद्धिमापन चाचणी दिलेली होती, त्यामुळे तुलनेला पक्का आधार होता. निष्कर्ष असा निघाला की आयुष्यभर बुद्धीला खाद्य देणाऱ्या गोष्टींत रमलेल्यांची उतारवयातली सुरुवातीची पातळी वरची होती. पण उताराचा वेग त्याने कमी झाला नाही. २०१९ मध्ये ब्रिटनमध्येच पन्नाशीपुढच्या १९ हजारांहून अधिक लोकांच्या पाहणीत आकड्यांची कोडी वारंवार सोडवणाऱ्यांची चाचण्यांतली कामगिरी सरस दिसली. मात्र अशा पाहणीतून कोड्यांमुळे बुद्धी तल्लख झाली, की मुळात तल्लख असलेल्यांना कोडी आवडतात, हे ठरत नाही.

बाजाराने हा फरक कधीच पाळला नाही. मेंदूचे खेळ विकणाऱ्या ‘लुमॉसिटी’ या अमेरिकी कंपनीवर विस्मरण टळते, कामगिरी सुधारते असे पुराव्याविना दावे केल्याचा ठपका तिथल्या व्यापार आयोगाने ठेवला आणि २०१६ मध्ये कंपनीने वीस लाख डॉलर भरून ते प्रकरण मिटवले. सुडोकू सोडवणारा सुडोकूत तरबेज होतो, एवढे खात्रीने म्हणता येते. त्यामुळे किराणा मालाची यादी लक्षात राहीलच असे नाही. डिमेन्शियाचा धोका कमी करायचा तर ‘लॅन्सेट’च्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ मध्ये दिलेल्या चौदा कारणांकडे पाहावे लागते. त्यात रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल, कमी झालेले ऐकू येणे आणि दिसणे, व्यायामाचा अभाव आणि एकटेपणा यांचा समावेश आहे. टिटवाळ्यातल्या ज्या आजोबांना ऐकू कमी येते, त्यांना कोड्यांचे पुस्तक आणून देण्याआधी कानाच्या डॉक्टरांकडे नेणे अधिक गरजेचे आहे.

कोड्याला औषध मानण्यात आणखी एक तोटा आहे. औषध म्हटले की मात्रा आली, नेम आला आणि चुकल्याची रुखरुख आली. मोबाइलवरच्या कोड्यांनी नेमके हेच केले आहे. किती मिनिटांत सुटले, सलग किती दिवस सोडवले, मित्रांच्या यादीत कितवा क्रमांक लागला, एक दिवस खंड पडला तर साखळी तुटणार. दिवसभर लक्ष्य आणि मोजमापाखाली वावरलेला माणूस विश्रांतीच्या वेळीही पुन्हा मोजमापाखालीच येतो. मध्येच येणाऱ्या जाहिराती आणि वर सरकणारे कार्यालयाच्या व्हॉट्सॲप गटाचे संदेश वेगळेच. ज्या कामापासून दूर व्हायचे, ते त्याच पडद्यावर बोटभर अंतरावर असते. छापील चौकोनाचा मोठा गुण हा की त्यावर कुणाचा संदेश येत नाही.

दुसरा धोका झोपेचा. प्रौढांना रोज किमान सात तास झोप हवी, असे झोपेच्या तज्ज्ञांचे मत आहे. रात्री नवाच्या पुढे घरी पोहोचणाऱ्या आणि पहाटेची गाडी पकडणाऱ्या माणसाकडे हे सात तासही जेमतेम असतात. ‘हे एवढे एक सुटले की झोपतो’ म्हणत अंथरुणात पडून अवघड कोडे घेऊन बसणे म्हणजे त्यातला अर्धा तास कापून देणे. निद्रानाशावर उपचार करणारे अंथरूण झोपेसाठीच राखून ठेवायला सांगतात, तेही याचसाठी. कोडे गाडीत सोडवावे किंवा जेवणानंतर खुर्चीत बसून. न सुटलेले कोडे उशाशी नेले तर दिवसाच्या अर्धवट कामांत आणखी एकाची भर पडते.

काही साधी पथ्ये उपयोगी पडतात. आधी उद्याची कामे कागदावर उतरवून टाकावीत. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात २०१८ मध्ये ५७ तरुणांवर केलेल्या प्रयोगात झोपण्यापूर्वी पाच मिनिटे पुढच्या कामांची यादी लिहिणारे, झालेल्या कामांची यादी लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटे लवकर झोपले. यादी कागदावर गेली की मन ती धरून ठेवायचे सोडते. मग कोडे घ्यावे, तेही सोपे. दमलेल्या संध्याकाळी ‘अवघड’ शिक्का असलेला चौकोन हाती घेण्यात मर्दुमकी नाही. तो रविवारसाठी ठेवावा. घड्याळ लावू नये. अडले तर सोडून द्यावे, उत्तर उद्याच्या अंकात येतेच. ज्याचे दिवसभराचे कामच आकड्यांचे आहे, त्याला कदाचित शब्दकोडे किंवा शेजाऱ्याशी गप्पा अधिक मोकळे करतील. आणि घरी मूल जागे असेल तर ६१७४ चा खेळ त्याच्यासोबत करावा. वजाबाकीचा सरावही होतो आणि दोघांची दिवसभराची चुकामूकही थोडी भरून निघते.

या सगळ्याला एक मर्यादा आहे. कामानंतर मनाने दूर होण्याची सर्वांत जास्त गरज ज्यांना असते, त्यांनाच ते सर्वांत कमी जमते, असे झोनेनटाग यांनी २०१८ मध्ये दाखवून दिले. ज्याच्यावर ताण अधिक, त्याच्याकडे सावरायला वेळ आणि बळ दोन्ही कमी. टिटवाळ्याच्या प्रवाशाला हे वाचून कळावे लागत नाही. साठ किलोमीटरहून अधिक अंतर, प्रत्येक बाजूला दीड-पावणेदोन तास, आणि कल्याणच्या पुढे लोकल, मेल आणि मालगाड्या यांची रुळांसाठी ओढाताण. एखाद्या संध्याकाळी गाडी आंबिवलीच्या अलीकडे सिग्नलला उभी राहिली की हातातले कोडे सुटून जाते, दुसरे सुटते आणि गाडी तिथेच असते. त्या वेळी प्रवाशाला मनःशांतीचे उपाय सांगणे ही त्याची थट्टाच ठरेल. जादा गाड्या, वेळेवर गाड्या आणि कामाच्या वेळेनंतर कर्मचाऱ्याला संदेश न पाठवण्याची शिस्त ही रेल्वेची आणि मालकांची जबाबदारी आहे. ती कोड्याच्या चौकोनात ढकलता येणार नाही.

तोवर कल्याणला रिकाम्या झालेल्या बाकावर जी पंधरा मिनिटे हाती येतात, ती ज्याची त्याची आहेत. कापरेकरांना डोंबिवलीच्या स्थानकावर जे सुचले, त्यातून गाड्या लवकर आल्या नाहीत की कुणाचा पगार वाढला नाही. पण एका शाळामास्तराला आयुष्यभर पुरेल एवढा आनंद त्या छंदातून मिळाला. टिटवाळा येईपर्यंत चौकोन भरला तर उत्तम. दोन घरे रिकामी राहिली तरी पेपरची घडी बॅगेत टाकून उतरावे. घरी कुणी त्याचा हिशेब मागू नये, आणि उतरणाऱ्यानेही देऊ नये.